दिव्याखालचा हिरवा धान

माझी मुलगी सडक अर्जुनीच्या कॉलेजातून बसने परतते. फाट्यावर उतरायचं, पानठेल्यामागे ठेवलेली सायकल घ्यायची आणि धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या वाटेने घरी यायचं. पोचायला सात वाजतात. यंदा पावसाळ्यात त्या वाटेच्या वळणावर मी घोणस पाहिली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ओसरीत बसायचो, उठायचो, फाटकापर्यंत जायचो, परत यायचो. बायको म्हणायची, तुमच्या येरझाऱ्यांनी अंगण झिजेल.

म्हणून वळणावर घरच्याच विजेवर एलईडीचा दिवा लावला. तो पंधरवडाही टिकला नाही. दुसरा आणला, तोही गेला. गोंदियाच्या दुकानदाराने उघडून दाखवलं. दिवा धडधाकट होता, आतला ड्रायव्हर मेला होता. विजेला लगाम घालून दिव्याला बेताची पुरवतो, तो डबा. त्यात पाणी शिरलं होतं, आणि शेतातल्या पंपांच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे व्होल्टेज जसं नाचतं, तेही त्याला सोसलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात ड्रायव्हरच शिरला. जेवताना मोबाइलवर तेच, शेताच्या धुऱ्यावर उभं राहूनही तेच. दुकानदाराला इतकं छळलं की तो म्हणाला, "भैया, रास्ते पे बत्ती लगानी है कि एअरपोर्ट पे?" पण मी ऐकणारा नव्हतो. दिव्याला लागतो तेवढाच करंट देणारा, थोडी ताकद राखून असलेला, पाणीबंद, विजेचे झटके झेलणारा धातूच्या पेटीतला नग घेऊनच उठलो. पोळ्याला तो बसवला. त्यानंतर दिव्याने एकदाही डोळा मिचकावला नाही. संध्याकाळी मी लावायचो, सकाळी मीच विझवायचो. मधे बटणाला कोणाला हात लावू देत नव्हतो.

दसऱ्याच्या सुमारास शेजारच्या बांधीवाल्या काकीने मला धुऱ्यावर बोलावलं. तिचा सगळा धान निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या. फक्त दिव्याचा उजेड पडतो तेवढ्या गोलात नुसतं हिरवं पातं उभं होतं. धानाला निसवायला लांब, अंधारी रात्र लागते. ड्रायव्हर उत्तम होता, म्हणूनच तेवढ्या धानाला रात्र मिळाली नव्हती. मी घाईघाईने सांगू लागलो की दिव्याला टोपी लावतो, उजेड कमीजास्त करणारा दुसरा ड्रायव्हर आणतो. तिने मला मधेच थांबवलं.

"तुयी पोरगी सातले घरी येते. मंग रातभर दिवा कायले जाळून रायला?"

सातनंतर तो दिवा माझ्याच भीतीपायी जळत होता, आणि भोगत होता काकीचा धान. फार लाज वाटली.

आता मुलगी घरात शिरते आणि चप्पल काढायच्या आधी वळणावरचा दिवा बंद करते. दिवा विझून बाहेर अंधार झाला की मी सवयीने उठू लागतो.

"बाबा, मी आली नं," ती म्हणते. "बसा आता."

मी बसतो.