घुगऱ्यांतला अगीम

माझ्या संसारात तिसरा माणूस आला तो जर्मनीहून, सुटकेसमधून.

त्याला आणलं माझ्या मेव्हण्यानं. प्रकाशला त्याच्या कंपनीनं ट्रेनिंगला जर्मनीत धाडलं होतं. परत येताना त्यानं बहिणीसाठी, म्हणजे माझ्या सुमनसाठी, टेपरेकॉर्डर आणला आणि सोबत एकच कॅसेट. कॅसेटवर एका माणसाचा फोटो : काळा कोट, झुपकेदार मिशी, छातीवर हात, आणि नजर थेट माझ्या बायकोकडे.

"हा अगीम," प्रकाश म्हणाला. "अल्बेनियाचा." (शाळेत हा देश आमच्या मास्तरांनी बहुधा गाळला असावा.) "म्हणजे मूळचा तिथला. हा कडेवर असतानाच आईबापानं देश सोडला, वाढला जर्मनीत. माझ्या शेजारच्या मशीनवर त्याच्या ओळखीतला माणूस होता, त्यानं सगळं सांगितलं. आधी कारखान्यात लेथवर होता. सुट्टीच्या दिवशी आपल्या लोकांच्या लग्नांत गायचा. एका लग्नात रेकॉर्ड काढणारा माणूस जेवायला आला होता. त्यानं गाणं ऐकलं आणि याला उचललंच. आता काय, हॉलच्या हॉल भरतात!"

मीही लेथवरच होतो, भोसरीला. सुमननं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पदरानं फोटो पुसला.

तेव्हापासून चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत अगीम राहायला आला. मी सेकंड शिफ्टला निघालो की तो सुरू व्हायचा. गाण्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता, तरी सुमनचे डोळे भरून यायचे.

"बिचाऱ्याला गावी परत जाता येत नाही हो," ती म्हणायची. "तिकडचं सरकार पाऊलच ठेवू देत नाही."

"मीही दिवाळीपासून गावी गेलेलो नाही."

"तुम्हाला एसटी आहे," सुमन म्हणाली.

मला त्या माणसाचा भयंकर हेवा वाटायचा, हे सरळच सांगतो. मी ओव्हरटाइम करून आणलेल्या साडीला "बरी आहे" आणि त्याच्या नुसत्या खाकरण्याला "अहाहा"! गाण्यात कुठेतरी खोट सापडावी म्हणून मी घरी एकटा असलो की कॅसेट लावून कान देऊन बसायचो. तो श्वास कुठे घेतो, कुठे लांबवतो, कुठे उगाच रडवेला होतो, सगळं मला तोंडपाठ झालं. खोट काही सापडली नाही.

अशात आम्हाला मुलगा झाला. सुमनच्या माहेरी एकटा भाऊच, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच होतं, आणि त्यासाठी गावाहून माझी आई आली होती. पोराचा आवाज भोंग्यासारखा, आणि तो एकाच उपायानं बंद व्हायचा. माझ्या रक्ताचं पोर माझ्या कडेवर किंचाळायचं आणि त्या मिशीवाल्याचं गाणं लागलं की गप्प! वर सुमननं बारशाच्या आधी जाहीर करून टाकलं, "नाव अगीम ठेवायचं. त्यांच्यात त्याचा अर्थ पहाट होतो."

मी म्हणालो, "माझ्या वडिलांचं नाव ठेवायचं. केशव. ते वारल्यावर घरात पहिलाच मुलगा आहे."

आई माझ्या बाजूनं बोलेल अशी माझी खात्री होती. पण ती जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं.

"मंग मी नातवाला हाक कशी मारू?" ती म्हणाली. "धन्याचं नाव तोंडानं घिऊ व्हय? त्यापरीस अगीम काय वंगाळ न्हाई. माया हाय त्याच्या आवाजात."

म्हणजे घर पूर्ण फितूर. उरली माझी थोरली बहीण, अक्का. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि अक्काला वडिलांचं नाव हवंच होतं. तेवढ्यात कानावर आलं की, सुमन ऐन पाळण्याच्या वेळी कॅसेट लावणार आहे. माझ्या वडिलांचं नाव त्याच्या गाण्यावर ठेवायचं? मी आदल्या दिवशी गुपचूप कॅसेट उचलली आणि घुगऱ्यांसाठी आणलेल्या हरभऱ्याच्या पिशवीत खोल खुपसून ठेवली. तिथे कोण बघणार!

बारशाला चाळीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत पोराला पाळण्याखालून-वरून फिरवलं, आणि त्यानं भोंगा लावला. बायकांनी पाळणा म्हटला, तर आवाज दुप्पट. अक्का त्याच्या कानाशी तीनदा वाकली, तीनदा मागे झाली.

"नाव कानात पडलं पायजे," आई म्हणाली. "न्हाई पडलं तर त्ये नाव नव्हंच."

"टेप लावा ना," सुमन म्हणाली. कॅसेट जागेवर नव्हती. शोधाशोध सुरू झाली. मीही मोठ्या तळमळीनं पलंगाखाली शोधत होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "अगं सुमे, ह्ये काय गं गावलं?"

तिच्या झाऱ्यात अगीम होता. अक्कानं आदल्या संध्याकाळी पिशवी बादलीत उपडी करून हरभरे भिजत घातले होते आणि सकाळी सगळं पातेल्यात ओतून चांगलं शिजवलं होतं. (अक्काला चष्मा लागला आहे, हे ती आजही मान्य करत नाही.) कॅसेट वाकडी झाली होती, आतली फीत हरभऱ्यांना गुंडाळली होती.

सुमननं माझ्याकडे पाहिलं. कुणी ठेवली हे तिनं विचारलंसुद्धा नाही. पोर निळं-जांभळं होत होतं, अक्का रडकुंडीला आली होती, शेजारणी चपला शोधू लागल्या होत्या. आता वडिलांचं नाव ठेवायचं राहूनच जातंय, हे मला दिसलं.

मी पाळण्याशी गेलो, छातीवर हात ठेवला आणि गायला लागलो. अगीमचं गाणं, पहिल्यापासून. श्वास तिथेच घेतला, लांबवायचं तिथे लांबवलं, रडवेला व्हायचं तिथे झालो. अर्थ मला आजही ठाऊक नाही.

पोर गप्प झालं. चाळ त्याहून गप्प झाली. अक्का चटकन वाकली, "कुर्रर्र... केशव!" आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मी मात्र थांबू शकलो नाही, कारण थांबलो की पोर पुन्हा तोंड उघडायचं. घुगऱ्या वाटून होईपर्यंत मी गात होतो. सुमन डोळे पुसत होती. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पोराचं नाव केशवच राहिलं. पण दुसऱ्या दिवशी नळावर मला "काय अगीमराव" अशी हाक आली, आठवड्यात ती भोसरीपर्यंत पोचली आणि फोरमनही तीच मारू लागला. आईला नातवाचं नाव घेता येत नव्हतंच. ती अंगणातून ओरडायची, "सुमे, अगीमचं प्वार उठलंय गं!" ज्या माउलीनं जन्मभर मला माझ्या नावानं हाक मारली, तिनंच ते काढून घेतलं.

तर, लेथ सोडून हॉलच्या हॉल भरणारा अगीम वेगळा. दुसऱ्या अगीमनं, म्हणजे मी, पुढेही लेथच चालवला, आणि गायला तो रोज, पाळण्याशी, सेकंड शिफ्टला निघण्याआधी.