न चाललेला एक किलोमीटर

बेळगावच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलं आधी उत्तर लिहितात आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरतात, हे मला चांगलं ठाऊक असतं. ब्युरेट कोरडी असते आणि वहीत आकडे भरलेले असतात. मी कधी कुणाला अडवलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढं मी जे केलं ते मला दुसऱ्या कुणी शिकवावं लागलं नाही.

वाघांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई कॉलेजात आल्या होत्या. म्हैसूरकडच्या, घरची भाषा कन्नड, मराठी इथं येऊन शिकलेल्या. कणकुंबीच्या जंगलात चालून कागद भरायला त्यांना माणसं हवी होती. हिवाळ्यात रजा टाकून मी गेलो. खरं तर वाघ दिसेल म्हणून गेलो.

काम ऐकायला सोपं होतं. नकाशावर जंगलाचे चौकोन पाडलेले. प्रत्येक चौकोनात ठरलेली वाट चालायची आणि दर शंभर मीटरला एका रकान्यात लिहायचं, वाघाची खूण आहे की नाही. पावलाचा ठसा, विष्ठा, मातीत ओढलेले नखांचे ओरखडे. बहुतेक रकान्यांत ‘नाही’च येतं. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, “‘नाही’ लिहायला कंटाळू नका. वाघ असूनही आपल्याला किती वेळा सापडत नाही, ते मला त्यावरूनच काढायचं असतं.” मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

माझ्या जोडीला तिथलेच एक आप्पा होते, साठी ओलांडलेले, अक्षरओळख सहीपुरती. वाटेच्या मधून ते कधी चालत नसत. कडेनं चालायचे, एखादा ठसा असला तर मोडू नये म्हणून. एकदा ओल्या मातीतल्या एका खुणेपाशी ते बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, “कुत्रं न्हाय, बिबट्याबी न्हाय. पर वाघ म्हणून लिवू नगा, अण्णा. ठसा अर्धाच हाय. अर्ध्यावर साक्ष देऊ न्हाय.”

चौथ्या दिवशी शेवटचा किलोमीटर उरला होता. उभा चढ. मला दुपारी एकची गाडी धरायची होती. दुसऱ्या दिवशी सदलग्याला भाचीचा साखरपुडा होता.

“आप्पा, इथनंच फिरूया.”

“फिरूया की. माझं गुडगंबी बोंबलाय लागल्यात. फकस्त कागदावर लिवा, ह्यो चढ चाललो न्हाय म्हणून. आक्का काय रागवत न्हाय.” बाईंना ते आक्का म्हणत.

“लिहितो,” मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर कागद काढला. ते दहा कोरे रकाने मला कामचुकारपणाची कबुली वाटले. मी दहाही ठिकाणी ‘नाही’ लिहून टाकलं. साखरपुड्यात मी जंगलाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. व्याह्यांपैकी एकानं विचारलंही, “पावणं, तुमी वाघाला बघितलं, का वाघानंच तुमाला?” सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

दोन दिवसांनी परत गेलो. बाईंची एक रीत मला तोवर माहीत नव्हती. चौकोन पुरा झाला की त्या कागद मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि मग दोघांच्या सह्या घ्यायच्या. “वाट दोघं चालले, तर कागदही दोघांचा,” असं त्यांचं म्हणणं. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या सोप्यात संध्याकाळचा चहा झाला आणि त्यांनी आमचा कागद उचलला.

शेवटचे दहा रकाने आले. “नाही. नाही. नाही.” त्या सावकाश वाचत होत्या. आप्पांची नजर रिकाम्या कपात होती.

“बरोबर आहे, आप्पा?”

आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं. “अण्णांनी लिवलंय म्हंजे...” आणि पुढचं वाक्य गिळून त्यांनी पेन घेतलं. त्यांची सही करायची पद्धत अशी, की आधी वरची रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगायचं. रेघ ओढून झाली. अर्ध्या ठशावर साक्ष न देणारा माणूस माझी अब्रू राखायला सबंध खोट्यावर सही करत होता.

मी कागदावर हात ठेवला. “तो चढ आम्ही चाललो नाही. आप्पांनी तसं लिहायला सांगितलं होतं. मी गाडीत बसून भरलं.”

बाई ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “बाकीचे रकाने?”

“खरे आहेत.”

“मी कसं मानू?”

आप्पा म्हणाले, “बाकीचं मी पायानं चाललोय, आक्का. मी सांगतो.” आणि बाईंनी ते मानलं. माझ्या अक्षरातला कागद त्यांच्या शब्दावर टिकला.

मग बाईंनी पट्टी घेऊन त्या दहा रकान्यांवर एकच बारीक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ‘चाललो नाही’. म्हणाल्या, “हा चढ म्हणजे गोव्याकडच्या रानाला जोडणारी चिंचोळी वाट आहे. कोरं असतं तर मी म्हटलं असतं, मला माहीत नाही. ह्या दहा ‘नाही’वरून मी म्हटलं असतं, वाघ इथून जात नाही. आणि लोकांनी ते खरं मानलं असतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तो चढ चढलो. बाई पुढं, त्याही आता आप्पांसारख्या कडेकडेनं. गव्याचं शेण मिळालं, सांबराच्या खुरांच्या खुणा मिळाल्या. वाघाचं काही नाही. प्रत्येक रकान्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलं, तेही थांबून, नीट अक्षरात. सातव्या रकान्याशी त्या मध्येच वळल्या आणि तीसेक पावलं खाली उतरू लागल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“तुमच्याशी बोलत होते. तेवढा तुकडा मी नीट बघितला नाही.”

त्या उतरल्या, वाकून बघत पुन्हा वर आल्या, आणि मग ‘नाही’ लिहिलं. गेली कित्येक वर्षं प्रयोगशाळेत मी विज्ञानाच्या शेजारी उभा आहे. ते करताना माणूस कसा दिसतो, हे मी त्या चढावर पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी नवा कागद वाचला गेला. बाकीचे रकाने बाईंनी जुन्यावरून त्यात उतरवले होते. चढाचे दहाच्या दहा ‘नाही’, माझ्या खोट्या कागदावर होते तसेच. आप्पांनी रेघ ओढली, अक्षरं टांगली आणि पेन माझ्याकडं सरकवलं.

“करा, अण्णा. आता चाललाय तुमी.”

सही करून मी विचारलं, “जुना कागद फाडू?”

“नको,” बाई म्हणाल्या. त्यांनी तो नव्याच्या मागं लावला आणि दोन्हींना मिळून एक टाचणी मारली.