बापाच्या घड्याळातलं रेडियम

“त्या घड्याळाची चमक जावन वर्सां झाली गो! विझलेल्या चुलीक कोण भियता?” कुस्तोदियो ओरडला.

“राखेत हात घाल आणि मगे सांग,” ईडा म्हणाली. “आधी तो पेचकस खाली ठेव.”

वाद सकाळपासूनचा. त्यांची लेक फेबी बाळंतपणासाठी मालवणला आली होती. तिच्या खाटेशी आजोबांचं घड्याळ असावं म्हणून कुस्तोदियोने ते माळ्यावरून काढलं. त्याचा बाप बोटीवर खलाशी होता. त्याची एवढीच वस्तू घरात उरली होती. काच तडकलेली, आकड्यांवरचा, एके काळी अंधारात चमकणारा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. ते उघडून लख्ख पुसायचं, असं त्याने ठरवलं होतं.

ईडा हायस्कुलात विज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने गॅमा किरण मोजायचं आगपेटीएवढं यंत्र मागवलं आणि मोबाइलला जोडलं. पेट्रोमॅक्स बत्तीची जुनी जाळी, किनाऱ्यावरची काळी वाळू, घराचा चिरा, तिने काही सोडलं नाही. किरणांच्या ऊर्जेप्रमाणे पडद्यावर उंचवटे उमटतात. ते कुठे उमटले त्यावरून पदार्थ ओळखायचा. भिंतींतूनही थोडे किरण येतात, ते अडवायला यंत्राभोवती शिसं लागतं. ते तिने नवऱ्याच्या जाळ्याची वजनं काढून रचलं होतं. त्यावरून वेगळं भांडण. आज सकाळी यंत्र घड्याळाजवळ नेताच आकडा चढला होता.

“तुझा यंत्र खोटा बोलता.”

“मगे तूच माप.”

तिने घड्याळ पिशवीत बंद करून त्याच्यापुढे ठेवलं. आधी घड्याळाशिवाय मापन, मग घड्याळासकट. कुस्तोदियो जाळं टाकून बसणारा माणूस, त्याला थांबता येत होतं. हळूहळू उंचवटे वर आले. ईडाने पेट्रोमॅक्सच्या जाळीचं जुनं चित्र शेजारी धरलं.

“ह्या थोरियम. तुझ्या घड्याळाचा येगळा. ह्या रेडियम. चमकणारो रंग मेलो रे, रेडियम जिता आसा.”

“म्हणजे माझो बापूस घरात विख ठेवन गेलो?”

भांडण जिंकायला इथे थोडं वाढवून सांगणं सोपं होतं. ईडाने वाढवलं नाही.

“तेका काय ठावक? बंद आसा, लांब आसा, तवसर फारसा भियूचा नाय. पण उघडलंस आणि त्या रंगाचो भुको पोटात गेलो, तर वायट. आणि हय बाळ येतला.”

“पप्पा, माका घड्याळ नको,” फेबी खाटेवरून म्हणाली. “माका झोप व्हयी.”

कुस्तोदियोने पेचकस खिशात घातला. पिशवीवरून एकदा हात फिरवला. मग स्वयंपाकघरात जाऊन रिकामी बरणी घेऊन आला, पिशवी तशीच्या तशी आत ठेवली, झाकण घट्ट लावलं.

“घड्याळ कोणी उघडूचा नाय,” तो म्हणाला. “ह्या बाहेर खोपीत रवतला. कोणाक सोपवूचा ता ईडा सरकारी लोकांक विचारून ठरवतली. आणि ती वजनां यंत्राकडेच रवांदेत. जाळ्याक मी दुसरी हाडतलंय.”