तांड्यावरची मुकी पोरं

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझी बदली गोरेगावजवळच्या एका गावी झाली. तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता. आमची सगळी कागदपत्रं परभणीला जायची. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. माझ्याकडे पाचवी आली. वर्गात गावातली शेतकऱ्यांची पोरं, काही मुसलमान घरांतली आणि तांड्यावरून चालत येणारी बंजाऱ्यांची अकरा लेकरं. तांड्यावर चौथीपर्यंतच शाळा होती. पुढं शिकायचं तर आमच्याकडेच यावं लागे.

सहामाहीचे पेपर तपासले आणि मी हादरले. त्या अकरांपैकी नऊ जण मराठीत नापास, गणितातही तेच. त्यांच्यातली एक मुलगी तर अख्ख्या सत्रात एक शब्द बोलली नव्हती. नाव विचारलं तरी खाली बघायची. प्रगतिपत्रकात तिच्यापुढे मी लिहिलं, 'मंद. वर्गात लक्ष नाही.' आज हे सांगतानाही लाज वाटते, पण लिहिलं होतं मीच.

पंचायत समितीला निकालाचा तक्ता पाठवायचा होता. मुलं किती, मुली किती, कोणत्या प्रवर्गाचे किती, त्यांतले पास किती. रकाने भरून मी तो मुख्याध्यापकांपुढे ठेवला. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेका रकान्यावरून बोट फिरवलं.

"बेरीज बराबर हाय बाई," ते म्हणाले. "पण एक सांगा. सगळी मंद लेकरं देवानं ह्या एकाच रकान्यात काहून घातली असतील?"

"घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, सर."

"गावातल्या पोरांच्या घरी तरी कोण घेतं?"

ते रागावले नाहीत. सही करून त्यांनी तक्ता शिपायाकडे दिला. मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

शाळेच्या आवारात हापसा होता. गावोगाव फिरून बांगड्या विकणारी एक मुसलमान बाई दुपारी तिथं पाणी प्यायला थांबायची. सगळी पोरं तिला चाची म्हणत, मग मीही म्हणू लागले. एकदा ती टोपली उतरवून बसली होती, तर आमची ती न बोलणारी मुलगी धावत तिच्याकडे गेली आणि दोघी धडाधड बोलू लागल्या. पोरगी हातवारे करत होती, चाचीची नक्कल करत होती, खिदळत होती. मी दारात उभी राहून बघत होते. मला एक शब्दही कळेना.

पोरगी पळून गेल्यावर मी विचारलं, "चाची, ही बोलते?"

"बोलते? तांड्यातल्या पोरायचं भांडण हीच तर तोडते. तुमी हिला मुकी समजून राहिल्या व्हय?"

"वर्गात तोंडच उघडत नाही."

"कसं उघडंल? तुमची पुस्तकातली मराठी तिला समजत न्हाई. घरी गोरमाटी बोलतेत. मला तरी पहिल्यांदा कुठं समजत होतं? बांगड्या विकायच्या होत्या म्हणून शिकले."

मी म्हटलं, "मला शिकवाल?"

"तुमी मास्तरीण. अन् मी तुमाला शिकवू?"

पण शिकवलं तिनं. ज्या दुपारी ती गावात असे त्या दुपारी आम्ही हापशाच्या ओट्यावर बसायचो. आई म्हणजे याडी, भाकर म्हणजे बाटी. मी वहीत लिहून घ्यायची, आणि उच्चार चुकला की ती दंडावर चापट मारायची.

महिनाभरानं मी वर्गात त्या मुलीपुढे उभी राहिले आणि विचारलं, "तारो नाम कांई छ?" तुझं नाव काय, एवढंच. तांड्यावरची पोरं फिदीफिदी हसायला लागली, कारण माझा हेल पार चुकला होता. ती मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात तेच वाक्य कसं म्हणायचं ते तिनं मला म्हणून दाखवलं. मला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा तिनं मान डोलावली आणि आपलं नाव सांगितलं.

त्यानंतर शाब्दिक उदाहरणं मी आधी मोडक्यातोडक्या गोरमाटीत सांगू लागले, मग मराठीत, मग फळ्यावर. हळूहळू लक्षात आलं की गणित या पोरांना येत होतं. अडत होतं ते वाक्यांपाशी.

गावातले एक पालक तक्रार घेऊन आले. "सर, बाई पोरायला तांड्याची भाषा शिकवून राहिल्या."

"तुमचं पोरगं मागं पडलं का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"न्हाई, तसं न्हाई."

"मग फुकटात एक भाषा शिकून राहिलं म्हणा." पालक हसले आणि चहा घेऊन गेले.

वार्षिक परीक्षेला तांड्यावरची दोन मुलं बसलीच नाहीत. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, ती शाळेत परत आली नाहीत. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही. उरलेल्यांपैकी एक सोडून सगळे पास झाले. ती मुलगी मराठीत काठावर सुटली, गणितात वर्गात दुसरी आली. तिच्या आईला मी ते स्वतः सांगितलं, तिच्याच भाषेत. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ बोलत राहिली. मला निम्मंच कळलं, तरी डोळे भरून आले.

पुढं माझी बदली शिरड शहापूरला झाली. बऱ्याच वर्षांनी, हिंगोली जिल्हा होऊनही काही वर्षं लोटल्यावर, मी मुद्दाम चाचीला भेटायला गेले. गुडघ्यांच्या दुखण्यानं तिचं फिरणं थांबलं होतं. मी म्हटलं, "चाची, मी डी.एड. करून आले होते, पण शिकवायचं कसं ते तुम्ही दाखवलंत."

"कायचं बाई," ती म्हणाली. "पोरीची तकलीफ बघवत नव्हती, म्हणून बोलले." मग सुनेला चहा टाकायला सांगून तिनं त्या मुलीची खबर दिली. सेनगावला राहून दहावी झाली होती, आणि आता तांड्यावरच्या अंगणवाडीत कामाला होती.

मुख्याध्यापकांचे आभार मात्र मी कधी मानले नाहीत. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. त्यांनी त्या दिवशी नुसती सही केली असती, तर मी पुढच्या वर्षी तोच तक्ता पुन्हा भरला असता.