खोडलेल्या शब्दाखाली

दुपारचं जेवण अंगावर आलंय. प्रभुणे सरांच्या मांडीवर प्रुफं, हातात लाल पेन, आणि डोळे काही केल्या उघडे राहत नाहीत. चार वाजता छापखान्याचे साळवी कागद न्यायला येणार आहेत. अंगणवाडी चालवणाऱ्या बायकांना सरांनी वर्षभर लिहायला शिकवलं, त्यांचं हे पुस्तक. खर्च सरकारी खात्याचा, त्यामुळे 'टाळावयाचे शब्द' असं खात्याचं पत्रही आलेलं. सरांनी आत्ताच यमुना भोयेनं आपल्या अंगणवाडीतल्या एका पोराच्या मरणावर लिहिलेल्या लेखातला 'भूकबळी' खोडून वर सुवाच्य अक्षरात लिहिलंय, 'अल्पशा आजाराने निधन'.

लेख दिल्यावर दोन महिन्यांत यमुना तापानं गेली. आता विचारायचं कुणाला? खरं सांगायचं तर सरांना ते सोयीचंच पडलं.

सरांची खुर्ची अंगणवाडीत आहे. आढ्याला वजनकाटा टांगलाय, त्याच्या झोळीत एक पोर. शेजारी पदर खोचून यमुना.

"गुरुजी, काटा वाचा."

"साडेचार किलो."

"वय दीड वरीस. आता लिवा."

सर लिहितात. कागदावर पुन्हा तेच उमटतं, अल्पशा आजाराने.

"कंचा आजार व्हता?" यमुना विचारते. रागानं नाही, वर्गात शंका विचारायची तशीच.

समोरच्या भिंतीचा फळा झालाय आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'दिसलं तसं लिहा.' सरांना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"घाबरलो हो, यमुनाबाई. पुस्तकच निघालं नसतं."

"मीबी घाबरले व्हते. नोकरी जाईल म्हून. पर तुमी सांगितलंत, म्हून लिवलं."

ती त्यांच्या हातातलं पेन काढून घेते. "खोडलेलं ठेवायचं असलं तर खाली ठिपके द्यायचे. तुमीच शिकवलंत ना?"

कडी वाजते. सर धडपडत उठून दार उघडतात. साळवी दारातच प्रुफं चाळतात.

"सर, हा शब्द खोडलाय, पण खाली ठिपके आहेत. म्हणजे राहू द्यायचा ना?"

सर कागद ओढून घेतात. लाल, वाकडे ठिपके. शेवटचा इतका दाबून दिलाय की कागदाला भोक पडलंय. सरांनी ते दिलेले नाहीत. त्यांचे कान तापतात. एवढंसं काम, आणि तेही तिला येऊन करावं लागलं.

"राहू द्या," सर म्हणतात. मग साळवींची नजर टाळत पेन उचलतात आणि 'अल्पशा आजाराने निधन' आपल्या हातानं खोडतात.