कात्रीबाईंचा डबा

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बावीस वर्षं काम केलेल्या सिस्टरना सगळे कात्रीबाई म्हणायचे. एप्रनच्या खिशात कायम कात्री, आणि तोंडही तसंच. "फोडलास ना पुन्हा पिंपल? मग आता आरशाला शिव्या देऊ नकोस," असं त्या कॉलेजच्या पोरांना भर दवाखान्यात सुनवायच्या. पोरं ओशाळायची, पण औषध मुकाट घ्यायची.

मुरुमांच्या सगळ्या औषधांत एका गोळीला मात्र कात्रीबाई टरकून असायच्या. मलमांनी हात टेकले की डॉक्टरीणबाई शेवटी ती लाल कॅप्सूल लिहायच्या. चेहरा लख्ख व्हायचा. पण दिवस गेलेल्या बाईच्या पोटात ती गेली तर बाळाच्या मेंदूवर, हृदयावर, कानांवर, कशावर घाला पडेल याचा नेम नाही. म्हणून मुलगी असो की बाई, आधी तपासणी, मग कागदावर सही, मग एकाच महिन्याच्या गोळ्या. सोबत आलेल्या आईला नाहीतर सासूला काहीतरी निमित्त काढून बाहेर पिटाळायचं काम कात्रीबाईंचं. दार लावून त्या विचारायच्या, "पाळी कधी आली होती? खरं सांग हं. इथली गोष्ट बाहेर जात नाही."

गोळी चालू असलेला माणूस त्या दारातूनच ओळखायच्या. ओठांवरून. कितीही मलम चोपडा, त्या गोळीनं ओठ सुकतात, सोलवटतात, कोपऱ्यात चिरतात. बावीस वर्षांत त्यांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, आणि याचा त्यांना भारी तोरा होता.

आता खोड म्हणाल तर एकच. कुणी ती गोळी मध्येच सोडली की उरलेल्या गोळ्या पेशंट दवाखान्यात परत आणून द्यायचे. चांगल्या गोळ्या फेकायच्या? कात्रीबाईंच्या जिवावर यायचं. त्या गोळ्या एका बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या, आणि एखाद्याला औषध परवडत नसलं की चिठ्ठीबरहुकूम तेवढ्या कापून हातावर ठेवायच्या. पाकिटाच्या ज्या तुकड्यावर औषधाचं नाव आणि पोटुशा बाईच्या चित्रावरची लाल फुली असेल, तोच तुकडा न चुकता पेशंटला द्यायच्या. त्याला कळायला नको? डब्यात उरायचे ते बिननावाचे, बिनफुलीचे तुकडे. कात्रीबाईंना ते डोळे मिटूनही ओळखू आले असते. दुसऱ्या कुणाचा हात त्या डब्यात जाईल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. एवढी हुशार बाई, आणि एवढं साधं सुचू नये!

एके दिवशी डबा डॉक्टरीणबाईंच्या नजरेला पडला. "परत आलेलं औषध पुन्हा कुणाला द्यायचं नाही, सिस्टर. आजच्या आज नष्ट करायला पाठवा." कात्रीबाई "हो" म्हणाल्या, आणि डबा पिशवीत घालून घरी घेऊन आल्या. कपाटाच्या वरच्या फळीवर त्या तो ठेवत होत्या, तेव्हा सुनेनं विचारलं, "यात काय आहे आई?"

"जादू आहे जादू! भल्याभल्यांचे चेहरे धुऊन निघालेत यानं."

लग्नाला आठ महिने झालेली ही सून. गोड पोरगी, पण गालांवर शाळेपासूनचे मुरूम. कात्रीबाई तिला येता-जाता चिडवायच्या, "सिस्टरची सून आणि गाल म्हणजे खडीचा रस्ता! लोक मला काय म्हणतील गं?" सून हसायची. कात्रीबाईंना वाटायचं, तिलाही गंमत वाटते. दवाखान्यात न्यायचं मात्र राहूनच जात होतं. घरचंच माणूस, नेऊ कधीतरी.

पाच-सहा आठवड्यांनी, रविवारी दुपारी, दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या होत्या. मुलगा बाहेर गाडी पुसत होता. इतक्या दिवसांत घरच्या माणसाकडे निरखून बघणं झालंच नव्हतं; आज खिडकीतून ऊन सुनेच्या गालावर पडलं आणि कात्रीबाई चकित झाल्या. "अगंबाई! नितळ झाला की गं चेहरा!" सून लाजून हसली आणि हसताना तिचा ओठ चिरला. तिनं जिभेनं रक्त टिपलं.

कात्रीबाई बघतच राहिल्या. कोरडे ओठ. सोलवटलेले. कोपऱ्यांत चिरा.

छे, हवा कोरडी आहे, पाणी कमी पीत असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण पाय कपाटाकडे गेलेच. डबा खाली काढला. तळ दिसत होता.

"रागावू नका आई," सून मागून म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, जादू आहे. रोज एक घेतली. तुम्हाला एकदम चेहरा दाखवून चकित करायचं होतं. खडीचा रस्ता म्हणायचात ना?"

हजारो पोरींना बेधडक विचारलेला प्रश्न आता कात्रीबाईंना घरच्याच पोरीला विचारायचा होता. "पाळी," त्या कशाबशा म्हणाल्या, "पाळी कधी आली होती?"

सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळे मात्र हसत होते. "कसं ओळखलंत हो तुम्ही? तुमच्यापासून काही म्हणजे काही लपत नाही! चौदा दिवस वर गेलेत. काल घरीच तपासणी केली. आज रात्री जेवताना आम्ही दोघं मिळून सांगणार होतो."

बाहेर मुलगा शीळ घालत होता. कात्रीबाईंनी डबा ओट्यावर ठेवायचा प्रयत्न केला, तो कडेला लागून खाली पडला. उरलेले दोन-तीन तुकडे फरशीवर पसरले. त्यांच्यावर नाव नव्हतं आणि फुलीही नव्हती.

सून ते वेचायला वाकली.

"हात लावू नकोस!" कात्रीबाई ओरडल्या. सुनेवर त्या अशा कधीच ओरडल्या नव्हत्या.

सून दचकून उभी राहिली. "काय झालं आई? तुम्हाला आनंद नाही झाला?"

कात्रीबाईंनी चपला शोधल्या, पण त्या पायांत जाईनात. "चल. डॉक्टरीणबाईंच्या घरी जायचंय. त्यालाही हाक मार."

"आत्ता? एवढ्यात सगळ्यांना सांगायचं?"

"तू नाही," कात्रीबाई म्हणाल्या. "मला सांगायचंय."