आत्याने आणलेला बंद ट्रॅक्टर

आमच्या आत्याला ट्रॅक्टर हवा होता तो शेतासाठीच. पुढे लोकांनी त्याला नाना अर्थ चिकटवले. आजारी नवऱ्याचं मन रमावं म्हणून तिने मुद्दाम मोडकं यंत्र दारात आणून उभं केलं, असंही बोललं गेलं. आत्या ते ऐकून हसते. म्हणते, "मन रमवायला मी पत्त्यांचा जोड आणला असता."

तिचे यजमान म्हणजे आमचे मिस्त्रीमामा. चौकातल्या गॅरेजात त्यांनी उभा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात घालवला. गिऱ्हाइकांपैकी कुणी ना कुणी आत्याचं शेत आपणहून नांगरून द्यायचा, त्यामुळे स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायची वेळ कधी आली नाही. मग मामांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले आणि बोलणं विस्कटलं. शब्द गेले नव्हते, जागा सोडून भलतीकडे जाऊन बसले होते. पाणी हवं असलं की मामा "खिडकी" म्हणायचे. आत्या खिडकी उघडायची, की ते मान जोरजोरात हलवायचे आणि शेवटी डोळे मिटून घ्यायचे. दवाखान्यातून बोलण्याच्या सरावासाठी चित्रांची कार्डं मिळाली होती. कप, चेंडू, मांजर. मामांनी ती एकदा पाहिली आणि पलंगाखाली सरकवून दिली. त्यानंतर त्यांनी बोलणंच सोडलं. काही हवं असलं तर काठीने पलंगाच्या दांडीवर टकटक करायची, बस.

आत्याला सगळ्यात काय लागलं असेल तर ते हे. लग्न झाल्यापासून मामांनी तिला नावाने हाक मारलीच नव्हती. कायम "अगं". रागात अगं, कौतुकात अगं, चप्पल सापडत नसली तरी अगं. आता त्या जागी काठीची टकटक आली होती.

गिऱ्हाइकं गेली तसे त्यांचे ट्रॅक्टरही गेले. भाड्याचा ट्रॅक्टरवाला आज येतो, उद्या येतो करत तिला झुलवायचा आणि यायचा तेव्हा जमिनीतली ओल उडून गेलेली असायची. दोन हंगाम तिने हे सोसलं. मग कुणीतरी सांगितलं, की पलीकडच्या गावातले एक आजोबा शेती बंद करून मुलाकडे राहायला निघाले आहेत आणि त्यांचा जुना ट्रॅक्टर विकायचा आहे. आत्या एकटीच बघायला गेली.

आजोबांनी ट्रॅक्टर अंगणात काढून, धुऊन, पुसून ठेवला होता. चावी फिरवली आणि तो एका दमात सुरू झाला. आजोबा कौतुकाने बघत राहिले. आत्याने मात्र चावी फिरवायच्या आधीच हळूच इंजिनावर हात ठेवला होता आणि तो चटका बसून मागे घेतला होता. मामांचं बोलणं तिने इतकी वर्षं पोळपाटापाशी उभं राहून ऐकलं होतं. जुना ट्रॅक्टर घेताना तो गार असताना सुरू करून बघायचा, तापवून ठेवलेलं इंजिन कुणाचंही सुरू होतं. ती आजोबांना म्हणाली, बंद करा, मी जरा टेकते, उन्हातून आलेय. मग त्यांच्या ओट्यावर बसून तिने चहा घेतला, त्यांच्या नातवंडांची चौकशी केली, सुनेचं दुखणं ऐकलं. पार दुपार कलेपर्यंत ती उठली नाही. इंजिन गार झाल्यावर म्हणाली, आता लावा बघू पुन्हा.

आता तो काही केल्या सुरू होईना. नुसता खोकत राहिला. आत्याने तेलाची पट्टी ओढून बघितली, तर तेल दुधाच्या चहासारखं पांढरट झालेलं. आत कुठूनतरी पाणी तेलात उतरत होतं.

आजोबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पोरी, फसवायचं मनात नव्हतं. पण बंद यंत्र बघून माणूस दारातूनच परत फिरतो. निदान याला कुणी हात लावून तरी बघावं, एवढंच वाटलं."

आत्याला त्यांचा राग आला नाही. नीट चालणारा ट्रॅक्टर तिच्या आवाक्यात नव्हता, हा होता. आजोबांनी भाव उतरवला, तिने होकार दिला. निघताना आजोबा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हात ठेवून बराच वेळ उभे होते, तेव्हा तिने मुद्दाम पिशवी आवरण्यात वेळ घालवला.

दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून ओढत तो घरी आला. गॅरेज आता मामांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर चालवत होता, चाळिशीचा, संसारी माणूस. तो येऊन बघून गेला. काम सगळं करून देतो म्हणाला, पण हंगाम तोंडावर आलेला, गॅरेजात पाय ठेवायला जागा नाही, महिनाभर तरी थांबावं लागेल. आत्या बरं म्हणाली. दुसरं म्हणणार काय?

मामांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. दोन दिवस त्यांनी ट्रॅक्टरकडे पाठ फिरवून जेवण केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या भांडी घासत होती, तर काठीचा आवाज दाराबाहेर गेला. ती हात न पुसताच धावली. मामा पाय ओढत ट्रॅक्टरपाशी पोचले होते. डाव्या हाताने त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, आत वाकून बघितलं, वास घेतला. मग तिच्याकडे वळून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, तोंड उघडून एक शब्द बोलले.

"चमचा."

आत्या घरात जाऊन चमचा घेऊन आली. मामांनी चमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कपाळावर आठ्या चढल्या. आणि मग त्यांनी डावा हात हवेत धरून नट पिळल्यासारखा फिरवला. त्यांना पाना हवा होता.

तिथून काम सुरू झालं. कारागिराने हत्यारांची पेटी आणून दिली. मामा खुर्चीत बसायचे, आत्या बाह्या सरसावून इंजिनावर वाकायची. ती खोलून एकेक भाग जुन्या चादरीवर मांडायची आणि मामा काठीने दाखवायचे, हा इकडे, तो तिकडे. पाना म्हणजे चमचा, नट म्हणजे बटण, पिस्टनच्या रिंगा म्हणजे बांगड्या. हे जमण्यासारखं होतं. पंचाईत अशी, की आज जो चमचा तो उद्या स्क्रू ड्रायव्हर व्हायचा आणि पाना "कंगवा" व्हायचा. आत्या सकाळी आधी विचारून घ्यायची, आज कंगवा कशाला म्हणायचं ते ठरवा, म्हणजे माझा घोळ नको. मामांच्या ओठाचा धड राहिलेला अर्धा भाग तेवढ्यावर हसायचा.

सगळेच दिवस असे नव्हते. एकदा मामा "सावली, सावली" म्हणत राहिले आणि आत्याला काही केल्या उमगेना. तिने दिसेल ती वस्तू उचलून दाखवली. शेवटी मामांनी पाना भिरकावला, तो पाण्याच्या पिंपावर आदळला. ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आत्याही भडकली. दारात उभी राहून म्हणाली, "तुम्हाला शब्द सापडत नाहीत, मला कळत नाहीत. दोघंही सारखेच अडाणी झालोय. पण मी रोज उठून पुन्हा तिथे उभी राहते ना?" आणि बाहेर येऊन पायरीवर बसून ढसाढसा रडली. थोड्या वेळाने मामा आले. शेजारी बसता येत नव्हतं म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले आणि तिच्या केसांना लागलेलं ग्रीस आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. ते पुसलं न जाता आणखीनच पसरलं. सावली म्हणजे काय, ते आजतागायत कळलेलं नाही.

इंजिनाचं हेड काढल्यावर दोष सापडला. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ पत्रा, पाण्याच्या आणि तेलाच्या वाटांमध्ये जळून गेलं होतं, तिथूनच पाणी उतरत होतं. कारागीर हेड घासून सपाट करून घ्यायला घेऊन गेला. तोवर आत्याने पिस्टन काढून रिंगा बदलल्या. प्रत्येक रिंगेची फट वेगळ्या दिशेला आली पाहिजे, एकाखाली एक नको, हे मामांनी तिच्याच हातातल्या बांगड्या फिरवून दाखवलं. तिचा हात इतका वेळ त्यांच्या हातात बऱ्याच दिवसांनी राहिला होता. समजून झाल्यावरही ती पुन्हा एकदा दाखवा म्हणाली.

हेड परत बसवायच्या दिवशी कारागीर आला. तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला साखळी अडकवून त्याने ते जड हेड वर उचललं आणि हळूहळू खाली सोडू लागला. नवं गॅस्केट किंचित सरकल्यासारखं दिसलं म्हणून आत्याने ते नीट करायला बोटं आत घातली. कारागीर साखळीकडे बघत होता. त्याला तिचा हात दिसला नाही.

"अगं, हात काढ!"

आत्याने हात मागे घेतला. कारागिराने साखळी जागच्या जागी रोखली.  मामांना स्वतःलाच कळलं नव्हतं आपण काय बोललो ते. त्यांनी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला, ओठ हलवले, पण शब्द येईना. कारागीर गडी शहाणा, त्याला एकाएकी तहान लागली आणि तो पाणी प्यायला आत गेला.

आत्या त्यांच्यासमोर जाऊन खाली बसली. म्हणाली, "ऐकलं मी. नीट ऐकलं. आता पुन्हा नाही आलं तरी चालेल."

ट्रॅक्टर सुरू करायचा दिवस उजाडला. आत्याने चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा तेच. कारागिराच्या कपाळावर घाम आला. मामा मात्र खुशीत होते. काठीने डिझेलच्या फिल्टरवर टकटक करून म्हणाले, "ढेकर."

या वेळी आत्याला समजावून सांगावं लागलं नाही. दूध प्यायलेल्या बाळाची हवा काढतात तशी डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढायची होती. तिने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, कारागिराने पंपाचा खटका दाबला, बुडबुडे येत राहिले, येत राहिले आणि मग स्वच्छ डिझेलची धार आली. स्क्रू आवळून चावी फिरवली, तर इंजिनाने एक मोठा धुराचा लोट सोडला आणि धडधडायला लागलं. कारागिराने वाकून मामांच्या पायांना हात लावला. मामांनी त्याच्या टाळूवर एक टपली दिली.

मामांचं बोलणं पुढेही फारसं सुधारलं नाही. पाणी अजून खिडकीच आहे. हाक मात्र कधीमधी येते, बेसावध असले की येते, मुद्दाम मारायला गेले की येत नाही. आत्याने ती मागून घ्यायचं सोडून दिलं आहे. मध्ये एक-दोघे आपले बिघडलेले पंप घेऊन आले होते, त्यांना मामांनी काठी दाखवून परत पाठवलं.

त्या हंगामात आत्याने स्वतः शेत नांगरलं. मामा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. नांगराचे तास वाकडेतिकडे गेले, तिला त्याची लाज वाटली नाही. विहिरीजवळच्या कोपऱ्यात मात्र ट्रॅक्टर वळवता येईना, तेवढा तुकडा तसाच राहिला. ती खाली उतरून बघते तर मामा तिथे पोचलेले, कसेबसे जमिनीवर बसलेले, डाव्या हाताने एक एक ढेकूळ फोडत होते. जा, सावलीत बसा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती इंजिन बंद करून खुरपं घेऊन आली आणि शेजारी बसली. तिथे काय लावायचं यावर दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं, मी लांबून ऐकत होतो. तिला मिरची हवी होती. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी बऱ्याचदा सांगितलं, आणि ती दर वेळी मान डोलावून वेगळ्याच भाजीचं नाव घेत, हेच ना, असं विचारत राहिली.